मनातलं विचारा: त्या नाईटनंतर

मागच्या अंकात वॉर्डात नर्सवर हात उचलला जातो त्याबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या, आणि पत्रं एवढी आली की हा अख्खा अंक त्यालाच देतेय. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य होतंच, "ताई, नाव छापू नका, कामावर कळलं तर अवघड होईल." म्हणजे मार खाल्लाय हिने आणि लपायचं पण हिनेच. समुपदेशनात यायच्या आधी मी स्वतः चौदा वर्षं वॉर्डात काढलीत, त्यामुळे ही पत्रं वाचताना काही ठिकाणी मलाच थांबावं लागलं. पाच पत्रं घेतलीत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: ताई, मी इमर्जन्सीला स्टाफ नर्स आहे, नऊ वर्षं झाली. तीन आठवड्यांपूर्वी नाईटला एका नातेवाइकाने मला थोबाडीत मारली. कारण काय, तर डॉक्टर दुसऱ्या सिरियस पेशंटजवळ होते आणि मी "पाच मिनिटं थांबा" म्हणाले. तेव्हा मी रडले नाही काही नाही, खाली पडलेला चष्मा उचलला, उरलेली सगळी इंजेक्शनं दिली, सकाळी हँडओव्हर पण व्यवस्थित दिला. सगळे म्हणाले काय धीराची आहेस. पण घरी गेल्यापासून झोप उडालीये, डोळा लागला की तो हात दिसतो, ट्रॉली जोरात आपटली तरी छातीत धडधडतं, मागून कोणी आलं की दचकते. नातेवाईक काउंटरकडे यायला लागले की मी औषधांच्या कपाटाशी जाऊन काहीतरी शोधत बसते, शोधायचं काहीच नसतं. परवा त्या रात्रीचा चार्ट हातात आला, त्यावर माझीच सही, पण इतकी वेडीवाकडी की मलाच ओळखू येईना. बाकीच्यांना तर याहून जास्त मार बसलाय, मग मीच एवढी कमकुवत कशी?

उत्तर: ती सही परत एकदा डोळ्यासमोर आणा. तुम्हाला वाटतंय त्या रात्री तुम्ही एकदम ठीक होता आणि नंतर ढेपाळलात, पण हात तेव्हाच थरथरत होता, फक्त त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. असा हल्ला झाला की अंगात अ‍ॅड्रिनॅलिन उसळतं, वेदना आणि भीती तेवढ्यापुरती मागे पडते आणि वर्षानुवर्षं हाताला लागलेलं काम हात आपोआप करत राहतात. लोक ज्याला धीर म्हणाले तो बराचसा हाच प्रकार, आणि त्याचा हिशोब शरीर नंतर मागतं.

आता ट्रॉलीचं. मेंदूत अ‍ॅमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोका ओळखून घंटा वाजवणं हे त्याचं काम. त्याच्या शेजारचा हिप्पोकॅम्पस घटनेला जागा आणि वेळ चिकटवतो, म्हणजे हे अमुक दिवशी झालं, तिथे झालं आणि आता संपलं. जबरदस्त भीतीच्या क्षणी घंटा नको तेवढी खोल कोरली जाते आणि 'संपलं' ही चिठ्ठी नीट चिकटत नाही. म्हणून ट्रॉलीचा आवाज, कोणाचा तरी चढलेला सूर, त्या कोपऱ्यातला ट्यूबलाइट, यातलं काहीही आलं की शरीराला वाटतं आत्ता परत होतंय. मनाने धसका घेतलाय असं आपण म्हणतो ना, ते अगदी शब्दशः खरं आहे. कमकुवतपणाचा इथे काही संबंधच नाही.

आणि "बाकीच्यांना जास्त मार बसलाय" हे माप तर सोडूनच द्या. टाके किती पडले त्यावरून मनाला किती लागलं हे ठरत नाही. त्या क्षणी आपण किती असहाय होतो, आणि त्यानंतर आपल्या बाजूने कोणी उभं राहिलं का, याला फार वजन असतं, आघातानंतर आधार न मिळणं हे पुढच्या त्रासाचं एक मोठं कारण असल्याचं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तुमच्या पत्रात मी शोधत होते की त्या रात्री तुम्हाला कोणी बसवलं का, पाणी विचारलं का, घरी सोडलं का, तर कुठेच नाही. नुसतं "धीराची आहेस". यात कौतुक आहे पण त्याने तोंडही बंद होतं हो, त्यानंतर बाई सांगणार कशी की मला झोप येत नाहीये.

तीन आठवडे झालेत म्हणजे तुम्ही अजून त्या काळात आहात ज्याला तीव्र ताणाची प्रतिक्रिया म्हणतात, निदानाच्या पुस्तकात हा काळ तीन दिवस ते एक महिना असा धरलाय. बऱ्याच जणांचं या दिवसांत हळूहळू निवळतं. महिना उलटूनही तोच प्रसंग डोळ्यासमोर येत राहिला, टाळाटाळ, सतत सावध राहणं, कशातच मन न लागणं चालूच राहिलं, रोजचं कामकाज अडायला लागलं, तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा ताणाचा आजार, आहे का हे तपासून घ्यावं लागतं. हे नाव १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुस्तकात आलं, तेव्हा डोळ्यासमोर जास्त करून युद्धावरून परतलेले सैनिक होते, त्यामुळे अजूनही लोकांना वाटतं की वॉर्डातल्या नर्सला कसला पीटीएसडी. होतो. मी बघितलाय.

कपाटाशी जाऊन काहीतरी शोधणं, हे सगळ्यात जपून बघा. तिथे गेलं की हायसं वाटतं ना? तेच हायसं वाटणं मेंदूला शिकवतं की नातेवाईक म्हणजे खरंच धोका आणि पळालो म्हणून वाचलो, आणि मग उद्या कपाट पुरत नाही, परवा ड्युटीच नकोशी होते. एकदम छातीठोकपणे काउंटरवर जाऊन उभं राहा असं मी मुळीच म्हणत नाहीये. एखादी मैत्रीण बाजूला उभी करा, शांत वाटणाऱ्या नातेवाइकाशी दोन वाक्यं बोला, पाय जमिनीला टेकलेत हे जाणवू द्या, श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, आणि धडधड थोडी ओसरेपर्यंत तिथेच थांबा. एवढंच. उद्या परत एवढंच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, झोपेची गोळी आपल्या आपण सुरू करू नका. गोळ्या आपल्या हाताशी असतात, डोस पाठ असतो, त्यामुळे आपल्यालाच हा मोह जास्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या तक्रारींसाठी बेन्झोडायझेपिन गटाची (मन शांत करणारी, झोप आणणारी) औषधं देऊ नयेत. झोप पार गेलीच असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि दोन-तीन आठवडे नाईट बदलून मागा, लाजू नका.

महिन्यानंतरही राहिलं तर उपचार आहेत, आणि चांगले आहेत. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी, बोलून करायची उपचारपद्धती) असते, साधारण आठ ते बारा बैठका, ज्यात ती आठवण सुरक्षित जागी, हळूहळू, तज्ज्ञासोबत परत उघडली जाते, म्हणजे ती 'संपलं' चिठ्ठी लागते. दुसरी ईएमडीआर, फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली, त्यात प्रसंग मनात धरून डोळे एका लयीत डावीकडे-उजवीकडे फिरवायचे असतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत या दोन्ही पद्धती आहेत. आणि कधी जगणंच नको असं मनात आलं, तर मग महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कोणालातरी सांगायचं आणि डॉक्टर गाठायचा.

प्रश्न: माझी बायको आयसीयूत सिस्टर आहे. दोन महिन्यांपूर्वी पेशंट दगावल्यावर नातेवाइकांनी तिला आणि दुसऱ्या सिस्टरला खोलीत कोंडलं होतं, अर्धा तास. आता घरी आली की बोलत नाही, मुलांवर खेकसते, मग एकटी बसून रडते. मी म्हटलं सोड ही नोकरी, तर माझ्यावरच भडकली. माझं काय चुकलं?

उत्तर: तुमचा हेतू चांगला होता हो, पण तिला काय ऐकू आलं ते बघा. चूक त्यांनी केली आणि काम मी सोडायचं, एवढ्या वर्षांत जे कमावलं ते मी टाकायचं, असं. त्यामुळे नोकरीचा विषय सध्या काढूच नका, तिने काढला तर ऐका.

"नक्की काय झालं सांग ना" म्हणून मागे लागू नका, आणि "तू त्यांना काय बोललीस?" हे तर चुकूनसुद्धा विचारू नका, हा प्रश्न तिने स्वतःला शंभर वेळा विचारून झालाय. "आज बोलायचंय की नुसतं बसायचंय?" एवढं विचारा आणि नुसतं बसायचंय म्हणाली तर खरंच बसा, मोबाइल बाजूला ठेवून. कोंडून ठेवलं होतं म्हणताय तर घरातले बंद दरवाजे, कडीचा आवाज, याचा तिला त्रास होतोय का तेही बघा, दार थोडं उघडं ठेवलं तर काही बिघडत नाही. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, आधी आवाज द्या. मुलांना त्यांच्या वयाला झेपेल असं सांगा की आईला कामावर कोणीतरी खूप घाबरवलंय, ती तुमच्यावर रागावलेली नाहीये, कारण मुलं न सांगता स्वतःलाच दोष देत बसतात.

दोन महिने झालेत, म्हणजे आता आपोआप निवळेल म्हणून थांबायची वेळ गेली. अपॉइंटमेंट घ्यायला मदत करा आणि पहिल्या वेळी सोबत जा, बाहेर बसा.

प्रश्न: मला कधी कोणी मारलं नाही, म्हणून लिहावं की नाही असं वाटत होतं. पण रोज शिव्या. नातेवाईक देतात, पेशंट देतात, आणि खरं सांगू तर आमचे एक सिनिअर डॉक्टर सगळ्यांसमोर जे बोलतात ते जास्त लागतं. एक पेशंट ड्रेसिंग करताना घाणेरडं बोलतो, तक्रार केली तर "दुर्लक्ष कर" म्हणाले. आता मला काहीच वाटेनासं झालंय. पेशंट कळवळला तरी मी नुसती बघते. मी अशी नव्हते हो.

उत्तर: बरं झालं लिहिलंत, कारण सगळ्यात जास्त नर्सेसच्या वाट्याला हेच येतं. २०१९ मध्ये जगभरातल्या अडीचशेहून जास्त अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात आरोग्य क्षेत्रातले ३ लाख ३१ हजारांवर कर्मचारी होते. वर्षभरात कुठल्या ना कुठल्या हिंसेला तोंड दिलेले ६१.९ टक्के, प्रत्यक्ष मारहाण झालेले २४.४ टक्के, आणि शिवीगाळ सोसलेले ५७.६ टक्के. लैंगिक छळ १२.४ टक्के. म्हणजे तुम्ही "फक्त शिव्या" म्हणताय तो हिंसेचा प्रकार या आकड्यांत सगळ्यात मोठा आहे.

थोबाडीत बसली की निदान एक तारीख असते, इथे तारीखच नसते. रोज थोडं थोडं, आणि शरीर रोज थोडं थोडं सावध राहतं, ड्युटीला निघतानाच पोटात गोळा येतो, आणि कधीतरी मन ठरवतं की आता वाटूनच घ्यायचं नाही. पण ही बधिरता निवड करत नाही, शिवी पोचू नये म्हणून दार लावलं की पेशंटचं कळवळणंही बाहेरच राहतं. बर्नआउटचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याचे तीन भाग सांगितलेत, मनाने पार थकून जाणं, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून बघणं सुटणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय असं न वाटणं. तुम्ही जे "नुसती बघते" लिहिलंय तो यातला दुसरा भाग. आणि "मी अशी नव्हते" हे तुम्हाला टोचतंय याचा अर्थ दार अजून पक्कं लागलेलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउट ही कामाशी जोडलेली अवस्था धरलीये, तो आजार म्हणून त्यात नाही, आणि त्याचं मूळ सांगितलंय ते कामाच्या जागी सतत राहिलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणात. तेव्हा तुम्ही कितीही ध्यान केलंत, फिरायला गेलात (जाच, बरं वाटतं) तरी त्या डॉक्टरांचं तोंड त्याने बंद होणार नाही. तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे, तिथे कोण होतं, हे घरच्या वहीत लिहायला लागा. शब्द लिहिताना लाज वाटेल, तरी लिहा, ते शब्द तुमचे नाहीयेत. आणि जमलं तर दोघी-तिघींनी मिळून लेखी तक्रार द्या.

ड्रेसिंगच्या पेशंटबाबत "दुर्लक्ष कर" हे उत्तर मला अजिबात पटलेलं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जागच्या हिंसा आणि छळाविरुद्ध करार क्रमांक १९० केला, त्यात मानसिक आणि लैंगिक हानीही धरलीये, आणि एखादी गोष्ट एकदाच घडली तरी ती धरायची असं म्हटलंय. तुमच्याकडे तर रोज घडतंय. तक्रारीचं काही होईपर्यंत निदान एवढं मागा की त्या बेडला ड्रेसिंगला दोघींनी जायचं, आणि तो बोलला की तिथेच, आवाज न चढवता, "हे बोलायचं नाही, बोललात तर मी काम थांबवून दुसऱ्या कोणाला तरी पाठवेन" असं सांगायचं. आणि पेशंटला धोका नसेल तर खरंच थांबवायचं.

प्रश्न: मी मेल नर्स आहे, मेडिसिन वॉर्डला. एका वयस्कर, डिमेन्शिया असलेल्या बाबांना कुशीवर वळवताना त्यांनी माझ्या तोंडावर बुक्का मारला, दात ओठात घुसला. क्षणभर माझा हात वर गेला होता. मारला नाही, पण वर गेला. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. आणि वॉर्डात कुठेही भांडण झालं की "ब्रदरला बोलवा", हे तर कायमचंच.

उत्तर: हात वर गेला ही प्रतिक्षिप्त क्रिया होती, आणि थांबला तो तुम्ही थांबवलात म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तुम्ही फक्त पहिलीच मोजताय.

बाबांना कळत नव्हतं हे तुमच्या डोक्याला माहीत आहे, पण ओठाला ते माहीत नाही. शरीराला समोरच्याचा हेतू कळत नाही, बुक्का बसला की ते घाबरतं आणि चिडतं. अशा वेळी राग कोणावर धरायचा तेच कळत नाही, मग तो स्वतःवर वळतो. म्हणून बरेच जण असल्या घटना सांगतच नाहीत, "पेशंटच तसा आहे" म्हणून सोडून देतात. तुम्ही लिहा. तक्रार म्हणून नको, नोंद म्हणून. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, दुखणं, इन्फेक्शन, कानातलं मशीन काढून ठेवलेलं, मागून न सांगता लावलेला हात, यातलं काहीतरी बऱ्याचदा असतं, आणि नोंद झाली तरच पुढच्या शिफ्टला कोणीतरी ते शोधेल आणि पुढचा बुक्का टळेल.

"ब्रदरला बोलवा" बद्दल इन्चार्जशी बोला. पुरुष आहात म्हणून तुम्ही सिक्युरिटी होत नाही. मारामारीत मध्ये पडायचं शिक्षण तुम्हालाही कोणी दिलेलं नाही, आणि नंतर तुम्हाला रडू आलं तर ते तुम्ही कुणाला दाखवणार, हाही प्रश्न आहेच. निदान एका मित्राला तरी ही हात वर गेल्याची गोष्ट सांगा, मोठ्याने सांगितली की तिचा आकार कमी होतो असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: मी वॉर्ड इन्चार्ज आहे. माझ्या स्टाफला मार बसला की मला सुचतच नाही काय करावं. आमच्याकडे नंतर सगळ्यांना एकत्र बसवून काय काय झालं ते बोलायला लावतात, ते बरोबर आहे का?

उत्तर: बोलायला लावणं, नाही. ज्याला बोलायचं त्याला जागा द्या, पण सगळ्यांना सक्तीने बसवून तो प्रसंग पुन्हा उगाळू नका. एकेकट्या माणसाला एकदाच बसवून प्रसंग उगाळल्याने पुढचा पीटीएसडी टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढू शकतो, असं कॉक्रेनच्या (वैद्यकीय अभ्यास तपासून त्यांचा एकत्र आढावा घेणारी संस्था) २००२ च्या आढाव्यात निघालं होतं.

आधी तिच्या हातातलं काम काढून घ्या. ती म्हणेल मी ठीक आहे, राउंड पूर्ण करते, तरी काढून घ्या, थरथरत्या हाताने इंजेक्शन भरणं तिच्यासाठी पण धोक्याचं आणि पेशंटसाठी पण. मग तिला पेशंटसारखं तपासा. माझ्यावर एकदा सलाईनचा स्टँड उगारला होता, लागला नाही, कोणीतरी धरला, आणि मी "लागलं नाही, लागलं नाही" एवढंच बडबडत होते. आमच्या सिनिअर सिस्टरने मला ड्रेसिंग रूममधल्या स्टुलावर बसवलं, दार अर्धं उघडं ठेवलं, आणि काही न बोलता मनगट धरून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. १२८ भरली. तिने ती कागदावर लिहिली, वेळ घातली आणि मला दाखवली. तो आकडा बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मला काहीतरी झालंय.

रिपोर्ट तुम्ही भरा, तिला भरायला लावू नका, तिने फक्त वाचून दुरुस्त करायचा. त्यात "स्टाफने काय चिथावलं" असा रकाना असेल तर तो बदलून मागा. एकटीला घरी पाठवू नका. तिला न विचारता वॉर्ड बदलू नका, ती शिक्षा वाटते, पण तिने मागितला तर लगेच द्या.

ट्रेनिंग घेतात सगळीकडे, भडकलेल्या माणसाशी कसं बोलायचं वगैरे, घ्याच, स्टाफचा आत्मविश्वास वाढतो. पण २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात त्याने हल्ल्यांची संख्या कमी होते असं काही ठामपणे दिसलं नाही. त्यामुळे ट्रेनिंग दिलं म्हणजे झालं असं वर कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, नाईटला स्टाफ किती, थांबलेल्या नातेवाइकांना दर थोड्या वेळाने कोण माहिती देतं, काउंटरमागून बाहेर पडायला दुसरं दार आहे का, हाक मारली तर मदतीला किती मिनिटांत कोण येतं, हे विचारा आणि लेखी विचारा.

आणि कॅलेंडरवर दोन खुणा करा, तिसरा दिवस आणि महिना पूर्ण होतो तो दिवस. त्या दोन्ही दिवशी तिला बाजूला घेऊन विचारा, झोप येतेय का, ड्युटीला निघताना काय होतं. पहिल्या आठवड्यात सगळेच विचारतात. महिन्याने कोणाच्या लक्षात नसतं, आणि खरं तर त्याच वेळी कळायचं असतं की तिला पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचं की नाही.